शब्दचर्चा : ‘पर्यायी इतिहास’, ‘जर-तर’ की ‘संकेतार्थी इतिहास’?

प्रश्न

प्राचीन रोमवर एक लेखमाला लिहिते आहे. प्रत्येक लेखात वेगळी घडू शकली असती अशी एक घटना घेतली आहे. सिकंदर पूर्वेऐवजी इटलीकडे वळला असता तर? कॅनीची लढाई जिंकल्यावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल तडक रोमवर गेला असता तर? जर्मनीतल्या ट्यूटोबुर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसची तीन लीजन (रोमन सैन्यदले) कापली गेली नसती तर? अशा लेखनाला मराठीत काय म्हणावे? ‘पर्यायी इतिहास’ बऱ्याच ठिकाणी वाचला, पण तो मला खटकतो. शिवाय ज्या घटनेपाशी कल्पिलेली वाट खऱ्या वाटेपासून वेगळी होते, त्या जागेसाठीही एक शब्द हवा आहे.

प्रतिसाद

‘पर्यायी इतिहास’ रुळला आहे, तोच ठेवा. वाचकाला नवा शब्द समजावत बसलात तर रोम राहील बाजूला.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत नाही. ‘पर्यायी’ म्हटले की आपल्याला पर्यायी रस्ता, पर्यायी व्यवस्था आठवते. मूळची सोय बंद पडली म्हणून जी वापरायची, ती पर्यायी. शिवाय ‘पर्यायी इतिहास’ हा शब्द दुसऱ्याच कामाला लागलेला आहे. राजेरजवाड्यांऐवजी कष्टकऱ्यांच्या, स्त्रियांच्या, पराभूतांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासालाही तेच म्हणतात, आणि तो तर घडलेलाच इतिहास असतो. स्पार्टाकसच्या बंडाकडे गुलामांच्या नजरेने पाहणे हा एक विषय, आणि स्पार्टाकस आल्प्स ओलांडून निसटला असता तर काय, हा अगदी वेगळा विषय. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर वाचक गोंधळणार.

माझी सूचना ‘संकेतार्थी इतिहास’. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता, तर पीक चांगले आले असते’ हे संकेतार्थाचे नेहमीचे उदाहरण. पाऊस पडला नाही आणि पीकही आले नाही, हे दोन्ही त्या ‘असता’मध्ये सामावले आहे. संस्कृतात यासाठी लृङ् हा वेगळा लकारच (क्रियापदाच्या रूपांचा गट) आहे आणि पाणिनीने तो ‘क्रियातिपत्ती’साठी सांगितला आहे. क्रियातिपत्ती म्हणजे क्रिया सिद्धीस न जाणे. तिथलेही प्रसिद्ध उदाहरण पावसाचेच आहे, सुवृष्टी झाली असती तर सुभिक्ष (सुकाळ) झाले असते. म्हणजे ही संकल्पना आपल्या व्याकरणात केव्हाची नांदते आहे, तिला बाहेरून पाहुणी म्हणून आणायची गरज नाही.

लॅटिनमध्येही न घडलेल्या गोष्टीची अट सांगायला क्रियापदाचे खास रूप वापरतात, आणि या प्रकारातले सर्वांत जुने म्हणून दाखवले जाणारे लेखन लॅटिनमध्येच आहे. रोमन इतिहासकार लिव्हीने सम्राट ऑगस्टसच्या काळात लिहिलेल्या रोमच्या इतिहासाच्या नवव्या खंडात, १७ ते १९ या प्रकरणांत, हाच प्रश्न घेतला आहे: अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते? तुमचा पहिला लेख याच विषयावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिव्हीचे उत्तर ठाम आहे, रोमच जिंकले असते. त्याचा पहिला मुद्दा असा की अलेक्झांडर एकटा होता आणि रोमकडे सेनापतींची रांग होती: पापिरियस कुर्सोर, व्हालेरियस कोर्व्हस, मान्लियस टॉर्क्वाटस, फाबियस मॅक्सिमस. दुसरा मुद्दा माणसांचा. त्या काळच्या शिरगणतीत अडीच लाखांच्या आसपास नागरिक होते, त्यामुळे एक सेना बुडाली तर रोमला दुसरी उभारता आली असती. अलेक्झांडरच्या मॅसेडोनियन सैन्याची भरती मात्र फार दुरून झाली असती. तिसरा मुद्दा आपल्याला थेट लागणारा आहे. इटलीचे रूप त्याला भारतासारखे वाटले नसते, असे लिव्ही म्हणतो. भारतातून तो मद्यधुंद फौज घेऊन मिरवत गेला होता, इथे त्याला अपुलियाच्या खिंडी आणि लुकानियाचे डोंगर दिसले असते. झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या लढाईची ही सरळ अवहेलना आहे आणि ती मला मान्य नाही. त्या लढाईला मिरवणूक म्हणणारा लिव्ही इथे इतिहासकार उरत नाही, रोमचा वकील होतो.

खरी गंमत कालक्रमात आहे. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३मध्ये बॅबिलोनला वारला. दोनच वर्षांनी, ३२१मध्ये, इटलीच्या डोंगराळ भागातल्या सॅम्नाइट लोकांनी रोमन सेनेला कॉडियमच्या खिंडीत कोंडले आणि जोखडाखालून वाकून जायला लावले. ही नामुष्की लिव्हीने त्याच नवव्या खंडाच्या सुरुवातीला सांगितली आहे. वाचकाच्या मनात ती ताजी असतानाच तो विचारतो, अलेक्झांडर आला असता तर? म्हणजे हे विषयांतर नुसती करमणूक नाही. हरलेले रोम पुन्हा उभे कशाच्या बळावर राहते, हे सांगायला त्याने हा ‘जर’ आणला आहे.

प्रतिसाद

‘संकेतार्थी’ शब्द देखणा आहे, पण ‘संकेत’ म्हटले की आज इशारा, खूण, फार तर संकेतस्थळ आठवते. त्याचा ‘अट’ हा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कोणाला ठाऊक आहे? त्यापेक्षा सरळ ‘जर-तरचा इतिहास’ म्हणा. पानिपताच्या गोष्टी निघाल्या की विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा विषय घरोघरी निघतो आणि त्याला सगळे ‘जर-तरच्या गप्पा’च म्हणतात.

एक शंका मात्र आहे. ‘इतिहासात जर-तरला स्थान नसते’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ‘जर-तर’ हा शब्द घेतलात की हा आक्षेपही पाठोपाठ येणार.

प्रतिसाद (संकेतार्थी सुचवणाऱ्याकडून)

येऊ द्या. तो आक्षेप मुळातच तपासून पाहायला हवा. ‘अमक्यामुळे तमुक झाले’ असे म्हणणारा प्रत्येक इतिहासकार मनातल्या मनात एक ‘जर’ म्हणतच असतो. इ.स.पू. २१६च्या २ ऑगस्टला कॅनीला रोमचे प्रचंड सैन्य मारले गेले. लिव्हीचा आकडा सुमारे ४८ हजारांचा आहे, ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा सुमारे ७० हजारांचा. हॅनिबलच्या घोडदळाचा सरदार महारबाल म्हणाला, लगेच रोमवर चालू या. हॅनिबलने ऐकले नाही. ‘तुला जिंकता येते हॅनिबल, जिंकल्याचा उपयोग करता येत नाही’ हे महारबालचे उत्तर लिव्हीनेच सांगितले आहे, आणि त्या एका दिवसाच्या उशिराने शहर आणि साम्राज्य वाचले असे मानतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. हे वाक्य दिसायला स्वार्थाचे, म्हणजे साधे विधान, पण त्याच्या पोटात संकेतार्थ आहे: उशीर झाला नसता, तर रोम पडले असते. मग ते उघड का म्हणू नये? उघड म्हटले तरच तपासता येते.

तपासले की ते डळमळते. कॅनीपासून रोम सुमारे चारशे किलोमीटर. हॅनिबलकडे वेढ्याची साधने नव्हती, शहराला तटबंदी होती. विजयानंतर त्याने बोलणी करायला माणूस पाठवला, तर सेनेटने त्याला आतसुद्धा घेतले नाही. रोमच्या बाजूचे कापुआ शहर फुटले, पण लॅटिन शहरे रोमबरोबरच राहिली. पुढे २११मध्ये हॅनिबल खरोखरच रोमच्या वेशीपाशी आला आणि परत गेला. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती हे मान्य, तरी या ‘जर’चा थोडा पुरावा घडलेल्या इतिहासातच सापडतो. लिव्हीच्या अलेक्झांडरचेही तसेच आहे. अलेक्झांडरचा नातलग, एपिरसचा राजा पिऱ्हस इ.स.पू. २८०मध्ये मॅसेडोनियन पद्धतीचे सैन्य आणि हत्ती घेऊन इटलीत उतरला, दोन मोठ्या लढाया जिंकला, आणि २७५मध्ये बेनेव्हेंटमच्या लढाईनंतर इटली सोडून गेला. तो अलेक्झांडर नव्हता, हे खरेच. पण जिंकत असतानाही माणसे त्याचीच संपत गेली.

‘जर-तरचा इतिहास’ला माझी हरकत नाही. शीर्षकात तोच शोभेल. चर्चेच्या ओघात विशेषण लागेल तिथे ‘संकेतार्थी’ ठेवा, कारण ‘जर-तरचा’ला तुलना लावता येत नाही, ‘अधिक संकेतार्थी विधान’ म्हणता येते.

प्रतिसाद

‘युक्रोनी’ हा शब्द कोणी सुचवला नाही म्हणून लिहिते. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिये याने १८७६च्या आपल्या ग्रंथाला हे नाव दिले. ग्रीकमधला नकार आणि काळ यांचा हा जोड आहे, ‘युटोपिया’च्या धर्तीवरचा, न आलेला काळ असा अर्थ. त्याचा विषयही रोमच आहे. सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या मुलाला, कॉमोडसला, गादी न देता सेनापती अव्हिडियस कॅसियसला वारस करतो आणि तिथून युरोप वेगळ्या दिशेने जातो. प्रत्यक्षात याच कॅसियसने इ.स. १७५मध्ये बंड केले होते आणि त्याच्याच माणसांनी त्याला मारले. मराठीत हा शब्द रुजेल असे वाटत नाही, पण लेखमालेत उल्लेख जरूर असावा.

प्रतिसाद

दुसऱ्या शब्दाबद्दल. वाट वेगळी होते त्या जागेला ‘फाटा’ म्हणावे असे आधी सुचेल, पण ‘फाटा देणे’ म्हणजे वगळणे, त्यामुळे वाक्यात घोटाळा होतो. कोकणात ‘तिठा’ म्हणतात, तीन वाटा मिळतात ती जागा. एका वाटेने आपण येतो, पुढे दोन जातात. लॅटिनमध्येही अशा जागेला तीन वाटांवरूनच ‘ट्रिव्हियुम’ नाव आहे.

प्रश्नकर्ती

‘तिठा’ घेते आहे. घाटावरच्या वाचकांना अपरिचित असेल, पण पहिल्याच वाक्यात संदर्भाने कळेल. शीर्षकात ‘जर-तरचा इतिहास’, मजकुरात ‘संकेतार्थी’. तिसऱ्या लेखाचे पहिले वाक्य असे आहे: ‘जर इ.स. ९मध्ये व्हारस जर्मन सरदार आर्मिनियसच्या सापळ्यात सापडला नाही, तर ऱ्हाइनपलीकडे रोमन प्रांत वसला असता.’ ठीक वाटते का?

प्रतिसाद (संकेतार्थी सुचवणाऱ्याकडून)

दोन गोष्टी. ‘सापडला नाही तर’ ही उघडी अट झाली, अजून काय होईल ते ठाऊक नसल्यासारखी. ‘वसला असता’शी तिची जोडी जमत नाही. ‘सापडला नसता, तर’ हवे. त्याचप्रमाणे ‘सापडला नसेल तर’ हेही वेगळे. तिथे घडले की नाही याचीच आपल्याला शंका असते. न घडलेल्यासाठी ‘असता’, न कळलेल्यासाठी ‘असेल’, एवढे सांभाळले की लेखमालेतली बहुतेक वाक्ये सरळ होतील.

दुसरे, ‘वसला असता’ फार खात्रीचे आहे. त्या पराभवानंतरही रोमन सेनापती जर्मानिकसने इ.स. १४ ते १६ या काळात ऱ्हाइन ओलांडून मोहिमा केल्या. मग सम्राट टायबेरियसने त्याला परत बोलावले. रोमची ताकद संपली नव्हती, तिथे थांबायचे की नाही हा रोमचा निर्णय होता. म्हणून ‘वसू शकला असता’ लिहा, आणि तिठा जंगलात ठेवायचा की टायबेरियसच्या त्या आज्ञेपाशी, याचाही एकदा विचार करा.