शब्दचर्चा : ‘दंडाज्ञा नाहीच’ मधला दंड कोणता?

संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना बायबलच्या नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय शिकवते आहे. पहिल्याच ओळीत ‘जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच’ असं आलं आणि एकाने विचारलं, “म्हणजे पावती फाडत नाहीत का?” त्याचं चूक नाही. आजच्या मराठीत दंड म्हणजे भरायचे पैसे. मग दंडाज्ञेला रोजचा शब्द कोणता? शिक्षा, दोषारोप, ठपका, धिक्कार?

आईसाठीही विचारते आहे. माझा धाकटा भाऊ तापाने गेला, त्याला वीस वर्षं झाली. “मी त्याला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही,” असं ती अजून म्हणते. हे वचन तिला तोंडपाठ आहे.

प्रतिसाद १

मूळ ग्रीक शब्द काटाक्रिमा. क्रिमा म्हणजे निवाडा, काटा म्हणजे विरुद्ध. नव्या करारात हा शब्द तीनदाच येतो आणि तिन्ही वेळा याच पत्रात : ५:१६ (अध्याय ५, वचन १६), ५:१८ आणि ८:१. पाचव्या अध्यायात त्याच्या समोर ‘नीतिमान ठरवणे’ उभं आहे, म्हणजे शब्द कोर्टातला आहे.

दोषारोप निकालाच्या आधी होतो. पौलानेच ते वेगळे ठेवलेत : ८:३३ मध्ये आरोप ठेवणारा कोण, ८:३४ मध्ये दंडाज्ञा करणारा कोण. ठपका ठेवला तरी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. धिक्कार तर जमावही करतो, त्याला न्यायाधीश लागत नाही. शिक्षा जवळचा शब्द आहे, पण शिक्षा भोगायची असते. दंडाज्ञा ती सुनावणारा निकाल. मी मुलांना ‘दोषी ठरवून शिक्षा सुनावणे’ असं सांगेन. लांबतं, पण काही सुटत नाही.

प्रतिसाद २

मग ८:१ चा अर्थ ‘निर्दोष सुटका’ असा सरळ का घेऊ नये?

प्रतिसाद १

कारण ८:३. तिथे त्याच धातूचं क्रियापद आहे : देवाने आपल्या पुत्राला पाठवून देहात पापाला दंडाज्ञा ठरवली. निकाल लागला आहे, तो पापावर लागला आहे. पुरावा नव्हता म्हणून कोणी सुटलेलं नाही. ‘निर्दोष’ म्हटलं की वधस्तंभाचं, म्हणजे येशूच्या मरणाचं, कामच उरत नाही.

प्रतिसाद ३

‘नाहीच’ मधल्या च कडेही बघा. ग्रीक वाक्याची सुरुवातच ‘एकही नाही’ या अर्थाच्या शब्दाने होते. मराठीत एका अक्षराने ते पेललं आहे, मला फार आवडतं. नंतरच्या काही हस्तलिखितांत या ओळीला ‘जे देहाप्रमाणे चालत नाहीत’ अशी पुस्ती जोडलेली आहे, ती १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही उतरली. सर्वात जुन्या हस्तलिखितांत ती नाही. चौथ्या वचनात मात्र तसे शब्द आहेत. कुणा लेखनिकाला बिनअटीचं वाक्य तसंच सोडायला जड गेलं असावं. आपल्यालाही जातं.

तुमच्या आईंबद्दल. दोषी वाटणं आणि दोषी ठरणं ही दोन क्रियापदं आहेत. ८:१ ठरण्याबद्दल बोलतं. वाटण्याची ओळ योहानाच्या पहिल्या पत्रात, १ योहान ३:२० मध्ये आहे, तिथलं ग्रीक क्रियापदही वेगळं आहे आणि दोष देणारं आपलंच अंतःकरण आहे. लगेच पुढे म्हटलंय की देव अंतःकरणापेक्षा थोर आहे. “विश्वास असता तर अजून रडला नसतात,” असं त्यांना कुणी म्हणू नये. मुलगा गेल्याचं दुःख हा निकाल नाही.

धागाकर्ती

मुलांसाठी फळ्यावर लांबचं रूपच लिहिलं. पावतीवाला मुलगा म्हणाला, “मग पापावर निकाल लागला, माणसावर नाही.”

आईला वाटणं आणि ठरणं सांगितलं. तिने विचारलं, “मग मला वाटलं तरी चालेल?” मी हो म्हटलं. बऱ्याच वेळाने तिने कपाटातून त्याचा फोटो काढायला सांगितला.