गलाईवाल्यांनी मतदानाला गावी यावं का? यादीवर काम करणाऱ्यांनी त्यांना काय सांगावं?

येरळाकाठ :
गेले तीन रविवार आम्ही अकरा-बारा जणं मतदार यादी घेऊन घरोघर फिरतोय. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळ. आम्ही कुठल्याच गटाचे नाही. पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळात बसून एकमेकांना तसा शब्द दिला, कारण दोन्ही गट संशय घेणार हे माहीत होतं.

आधी दोन निवडणुकांना आम्ही पाट्या घेऊन जागृती फेऱ्या काढल्या. तरी मतदानाच्या दिवशी तीसेक माणसं केंद्रावरून परत गेली. कार्ड हातात, पण यादीत नाव नाही. म्हणून या वेळी यादीच धरली. मयत कोण, लग्न होऊन कोण आलं, १८ पूर्ण कुणाला झाली, सगळं ओळीनं तपासतोय. एका घरात मयत वडिलांचं नाव होतं. मुलाला नाव काढायचा फॉर्म ७ सांगितला तर तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. म्हणाला, "रेशनकार्डावरनं गेलं, सातबाऱ्यावरनं गेलं, एवढं एक राहिलंय. राहू द्या की." आम्ही उठलो. पुढच्या रविवारी तो स्वतःच मृत्यूचा दाखला घेऊन आला.

अडलंय ते गलाईवाल्यांपाशी. यादीतली जवळजवळ चौथा हिस्सा माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत आहेत. आमच्यातले काही म्हणतात, सगळ्यांना फोन करून मतदानाला बोलवू. माझं मत उलटं आहे. जिथं राहता तिथं फॉर्म ८ भरून नाव हलवा, असं आपण सांगावं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की नुसतं मालकीचं घर आहे म्हणून कुणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि ग्रामपंचायतीच्या वॉर्डात निकाल आठ-दहा मतांवर लागतो. आदल्या रात्री ट्रॅव्हल्स भरून येते, तिचं भाडं कोण देतं हे गावाला ठाऊक असतं. नळाला चार दिवसांआड पाणी येतं ते इथं राहणाऱ्या बायकांच्या. त्यांचा निर्णय त्या ट्रॅव्हल्सनं का करावा?

भट्टीवाला :
दादा, वाचून वाईट वाटलं. मी एकवीस वर्षं कोइमतूरला आहे. सतराव्या वर्षी मामाच्या दुकानात मूस उचलायला आलो, तेजाबाच्या धुरात धंदा शिकलो. दुकान भाड्याचं, खोली भाड्याची. घरमालकानं उठवलं की पत्ता बदलतो, असे पाच पत्ते झाले. आई गावात, रान गावात. यात्रेला शटर ओढून येतोच. शाळेच्या दोन खोल्या आम्ही बाहेरच्यांनी वर्गणी काढून बांधल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही की तू रहिवासी आहेस का.

कायद्याचं म्हणाल तर त्याच कलमात पुढं लिहिलंय की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचा रहिवास जात नाही. शिवाय २०१० च्या दुरुस्तीनं परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टावरच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. त्याला फॉर्म ६अ आहे. दुबईतला माणूस गावचा, आणि देशातच राहणारा मी परका? आमच्यासारख्यांसाठी निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत पक्षांना दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला बोलावलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. बऱ्याच विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि ते तिथंच राहिलं. म्हणून मला दोन दिवस दुकान बंद ठेवून यावं लागतं. मी स्वतःच्या तिकिटानं येतो. ट्रॅव्हल्समधल्या प्रत्येकाला विकलेला समजू नका.

शिक्षिका_कडेगाव :
मी आठ वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम करते. दोघांनी सांगितलेलं कलम बरोबर आहे. 'तात्पुरता' म्हणजे किती, हे कायद्यात वर्षांत मोजून दिलेलं नाही. तो निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा, तोही नोटीस देऊन आणि म्हणणं ऐकून. येरळाकाठ यांचाही नाही आणि माझाही नाही.

स्वयंसेवकांबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. एका वर्षी काही मंडळी अशीच "यादी शुद्ध करतो" म्हणत साठ फॉर्म ७ घेऊन आली. सगळे एका हाताचे, एकाच पेनाचे, आणि बहुतेक नावं एकाच भावकीतली. कारण 'स्थलांतरित'. मी दुपारच्या उन्हात घरोघर गेले. एका दारात ती स्थलांतरित आजी पायावर गोधडी घेऊन शेंगा फोडत बसली होती. मला म्हणाली, "बस बाई, पाणी पी." असे अकरा जण गावात सापडले. अशी खोटी माहिती लिहून देणं त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा तुमचा हेतू चांगला असला तरी फॉर्म ७ ला हात लावताना दहा वेळा विचार करा. मयतांचं सोडा, पण जिवंत माणसाचं नाव त्याच्याशी बोलल्याशिवाय कुणी काढायला देऊ नये.

जावळीकर :
माझा अनुभव येरळाकाठ यांच्या बाजूचा. आमची दुसरी पिढी माथाडीत, वाशीच्या मार्केटात. वडिलांनी आयुष्यभर मत मेढ्याकडं जाऊन दिलं, राहिले कोपरखैरण्यात. आमच्या जिन्यात पावसाळ्यात गटाराचं पाणी चढायचं. तक्रार घेऊन गेलो की आधी यादी चाळायचे, जिन्यात मतंच नव्हती. मग आम्ही चौदा घरांनी नावं इकडं हलवली. पुढच्या पावसाळ्याआधी गटाराचं काम झालं. नाव हलवताना वडील दोन दिवस जेवले नाहीत, ते आजही आठवतं. पण गटार जिथं तुंबतं तिथंच मत हवं.

आणि गाड्यांचं: विधानसभा-लोकसभेला उमेदवारानं मतदारांची फुकट ने-आण करायला गाडी भाड्यानं घेणं हा १९५१ च्या कायद्यात कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचार आहे. स्वयंसेवकांनी निदान एवढं तरी गावात मोठ्यानं सांगावं. भट्टीवाले भाऊ, राग नको, पण मुलांची शाळा, दवाखाना कुठं आहे?

भट्टीवाला :
शाळा इथंच. पोरं तमिळ फडाफडा बोलतात, मी अजून अडखळतो. थोरलीला यंदा १८ पूर्ण होतील. तिचं नाव कुठं नोंदवायचं यावर तीन रात्री बोलणं झालं. ती म्हणते इथं. मी नाही म्हणालो नाही.

तासगावकर :
मला मतदानाचा टक्का वाढवायची ही धडपडच पटत नाही. मत द्यायचं का नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाच वर्षांतल्या एका दिवसासाठी एवढी पायपीट, आणि ग्रामसभेला कोण असतं? गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल तेवढंच लागतं. तेवढंही जमत नाही. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, मग दहा माणसांत गावच्या पैशाचे ठराव होतात. घरोघर फिरायचंच असेल तर त्यासाठी फिरा. त्याला कोइमतूरहून कुणाला बोलवावं लागत नाही.

सून_गावातली :
तुम्ही सगळे गावाबाहेर गेलेल्या माणसांवर बोलताय. आम्ही बाहेरून गावात आलोय, आमचं काय? लग्नाला चार वर्षं झाली, माझं नाव अजून माहेरी, आटपाडी तालुक्यात. पाणी इथलं भरते, अंगणवाडीत पोरगी इथल्या जाते, आणि मत तिकडं. एका निवडणुकीला सासरचे म्हणाले, एका मतासाठी कशाला जातेस. नाव हलवायचं काढलं तर लाईटबिल सासऱ्यांच्या नावावर, आधारवर माहेरचा पत्ता. विचारायचं कुणाला तेही कळेना. आमच्या आळीत अशा सात जणी आहेत. आमच्या दारात कुणी स्वयंसेवक आला तर पुरुषांशी बोलून जातो. घरातल्या सगळ्या बायकांना बाहेर बोलवा, मग यादी वाचा.

शिक्षिका_कडेगाव :
सूनबाई, तुमचे यजमान त्या पत्त्यावर मतदार असतील तर त्यांच्या नावाचा पत्त्याचा पुरावा चालतो, आधार किंवा बँकेचं पासबुक. फॉर्म ८ भरा. त्यानंच माहेरचं नाव इकडं येतं, कार्डाचा नंबरही तोच राहतो. नवीन नाव म्हणून फॉर्म ६ मात्र भरू नका, दोन ठिकाणी नाव होईल. सातही जणींचं एकाच दिवशी करून टाका.

येरळाकाठ :
सूनबाईंचं वाचून काल रात्री वही उघडली. तीन रविवारांत १४० घरं झाली. 'नवीन सून' या रकान्यात फक्त नऊ नावं, आणि ती सगळी सासऱ्यांनी किंवा नवऱ्यानं सांगितलेली. ही चूक आमची. या रविवारपासून आमच्यातल्या चौघी बायका पुढं असतील आणि झालेली घरं पुन्हा करू.

शिक्षिका ताई, फॉर्म ७ आम्ही फक्त मयतांचा, घरच्यांच्या हातानं आणि दाखल्यासह भरू. तासगावकर, ग्रामसभेचं खरं आहे. पुढच्या सभेची नोटीस याच घरांत याच वहीबरोबर फिरवता येईल, त्यावर मंडळींशी बोलतो.

भट्टीवाले भाऊ, नाव जिथं राहता तिथं असावं हे माझं मत बदललेलं नाही. ट्रॅव्हल्सचं बोलताना मात्र मी सगळ्यांना एकात मोजलं, ते चुकलं. आपण फोन करू तो फक्त एवढंच सांगायला: नाव हलवायचं असेल तर रीत अशी, ठेवायचं असेल तर तुमची मर्जी.

भट्टीवाला :
फोनवर नको. यात्रेला निम्मी गलाईवाली मंडळी गावात असतात. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात यादी घेऊन बसा, मी वीसेक जणांना घेऊन येतो. सगळे एकसारखं बोलणार नाहीत. थोरली पण येणार आहे, तिला फॉर्म ६ विचारायचाय.

येरळाकाठ :
बसतो. सकाळी आठला.