लीडलेस (तारांशिवायचा) पेसमेकर: वयस्कर, बारीक रुग्णात परफोरेशन (हृदयाची भिंत फुटणं) कसं टाळावं?

शीव_इपी_फेलो:
८४ वर्षांच्या आजी, वजन ४१ किलो, कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), रेट ३५-४०च्या घरात, डायलिसिस चालू. छातीतल्या शिरा फिस्च्युलासाठी (डायलिसिसकरिता धमनी-शिरेचा जोड) मोकळ्या ठेवायच्या म्हणून मायक्रा (मांडीच्या शिरेतून हृदयात नेऊन बसवायचा छोटा लीडलेस पेसमेकर) ठरलंय. वय, वजन, बाईमाणूस, डायलिसिस, म्हणजे धोक्याच्या बऱ्याच गोष्टी एकाच ठिकाणी आल्यात. सेप्टमवरच (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर) आहोत याची खात्री कशी करता? थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारा किमान व्होल्टेज) जास्त आला तर जागा कितीदा बदलावी?

परळ_कॅथलॅब:
आरएओवर (उजवीकडून तिरक्या एक्स-रे व्ह्यूवर) विसंबून डिव्हाइस सोडू नका. त्या व्ह्यूमध्ये सेप्टम आणि फ्री वॉल (बाहेरच्या बाजूची भिंत) एकमेकांवर पडतात. एपेक्सपासून (हृदयाच्या खालच्या टोकापासून) किती वर आहोत एवढंच कळतं. एलएओ ४०ला (डावीकडून ४० अंश तिरक्या व्ह्यूला) जा. कॅथेटरचं टोक स्क्रीनवर उजवीकडे, मणक्याच्या दिशेला वळलेलं हवं. डावीकडे, छातीच्या हाडाकडे असेल तर ती फ्री वॉल, तिथून मागे या. व्हॉल्व्ह ओलांडल्यावर कॅथेटर घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सेप्टमकडे वळतो. मग कॉन्ट्रास्ट आणि सलाईन निम्मंनिम्म करून हाताने थोडं सोडा, दोन्ही व्ह्यूमध्ये. कपाभोवती (कॅथेटरच्या टोकाला डिव्हाइस धरणारा भाग) ट्रॅबेक्युला (भिंतीवरच्या स्नायूच्या दोऱ्या) रंगलेल्या दिसल्या पाहिजेत.

दाब द्यायचाच, नाहीतर टाईन्स (डिव्हाइसचे चार आकडे) स्नायूत शिरत नाहीत. कॅथेटरला हंसाच्या मानेसारखा बाक आला की पुरे. डिव्हाइस कपातून बाहेर सोडणं (डिप्लॉय) अर्धं झाल्यावर तो दाब सोडा आणि मग उरलेलं पूर्ण करा. शेवटपर्यंत रेटत राहिलात तर ४१ किलोच्या आजींची भिंत ते सहन करणार नाही.

थ्रेशोल्ड ०.२४ मिलिसेकंदला १ व्होल्ट किंवा कमी, आर वेव्ह (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याचा सिग्नल) ५ मिलिव्होल्टच्या वर. १ ते २च्या मध्ये आला आणि टाईन्स घट्ट असतील तर काही मिनिटं थांबून पुन्हा मोजा. स्नायूची ताजी जखम निवळते तसा आकडा बऱ्याचदा उतरतो. अशा रुग्णात दीड व्होल्ट स्वीकारणं हे तिसऱ्या-चौथ्या डिप्लॉयमेंटपेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत. बॅटरीची दोन-तीन वर्षं गेली तरी चालतील.

ठाणे_टेक:
टग टेस्टबद्दल (डिव्हाइस घट्ट बसलंय का ते ओढून पाहणं) थोडं. टेथर (डिव्हाइसला बांधलेला दोरा) हलकेच ओढून सिने (एक्स-रेची फिल्म) घ्या, इमेज मोठी करून. चारपैकी किमान दोन टाईन्स वाकताना दिसायला हव्यात. टेथर कापण्याआधी त्याची ल्युमेन (पोकळी) सलाईनने फ्लश करा आणि तो सहज सरकतो का ते पाहा. अडकत असेल तर कापू नका, तोवर डिव्हाइस परत कपात घेता येतं. कापल्यावर फ्लोरोखाली (चालू एक्स-रेखाली) हळूहळू ओढा. झटका दिला तर चांगलं बसलेलं डिव्हाइसही निघून येतं.

परळ_कॅथलॅब:
मांडीची बाजूही सांगतो. शीथ (शिरेत घालायची नळी) बाहेरून २७ फ्रेंच, म्हणजे ९ मिलिमीटर. सोनोग्राफी बघूनच पंक्चर करा, कडक वायर एसव्हीसीपर्यंत (हृदयाकडे येणारी वरची मोठी शीर) न्या, डायलेटर टप्प्याटप्प्याने वाढवा. अडलं तर ढकलू नका, आयलियॅक (ओटीपोटातली शीर) फाटते. शीथ आणि डिलिव्हरी कॅथेटर, दोन्हींना हेपरिन सलाईनचा ड्रिप अखंड हवा. शेवटी फिगर-ऑफ-एट (आठच्या आकाराचा) टाका टाका.

शीव_इपी_फेलो:
धन्यवाद सर. टेम्पररी वायर (तात्पुरत्या पेसिंगची) ठेवावी का? आणि सर्जन ऑन कॉल आहेत, चालेल ना?

परळ_कॅथलॅब:
रेट ३५ आहे तर ठेवा, डाव्या मांडीतून, बलूनची, मऊ टोकाची. तीही भिंत टोचू शकते, म्हणून काम झालं की लगेच काढा.

सर्जनचं मात्र पक्कं करा. ते ठाण्यात आणि तुम्ही शीवला, वर संध्याकाळचा ईस्टर्न एक्स्प्रेस, तर तो बॅकअप नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२१मध्ये डॉक्टरांना कळवलं होतं की परफोरेशनचं एकूण प्रमाण तारांच्या पेसमेकरसारखंच, पण झालं तर परिणाम जास्त गंभीर. केस सकाळी लावा, सर्जन इमारतीत असताना. इको मशीन टेबलाशी, पेरिकार्डिओसेंटेसिसचा (हृदयाभोवती साचलेलं रक्त सुईने काढण्याचा) सेट उघडण्याच्या तयारीत, प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) भरलेलं, रक्त क्रॉसमॅच केलेलं. बीपी अचानक पडलं तर आधी इको, मग बाकीचं. संध्याकाळी पुन्हा एकदा इको करा, आणि पुढचं डायलिसिस हेपरिनशिवाय करायला नेफ्रोलॉजीला आजच सांगून ठेवा.