रात्री सव्वाचा फोन: प्रेम की नुसती गरज?

रातकिडा:
लेडी अँटेबेलम (आता लेडी ए) या अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या गायक-त्रिकुटाचं 'नीड यू नाऊ' हे गाणं २००९ साली आलं आणि २०११ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत 'साँग ऑफ द इयर' ठरलं. गाण्यात नातं तुटलंय, रात्रीचा सव्वा वाजलाय, पहिल्या कडव्यातल्या तिच्याभोवती जमिनीवर जुन्या आठवणी पसरल्यात. फोन करायचा नाही असं ठरवलेलं, तरी हात फोनकडे जातोच. दुसऱ्या कडव्यात तो. व्हिस्की चाललीये आणि नजर दारावरून हटत नाही, ती पूर्वीसारखी आत येईल म्हणून. काहीच न वाटण्यापेक्षा दुखलेलं बरं, असं गाणं म्हणतं. माझ्या मते इतकं खरं प्रेमगीत कंट्रीत (अमेरिकेतल्या या गीतप्रकारात) गेल्या कित्येक वर्षांत झालं नाही. कोणावर जीव लावलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सुपारी:
प्रेमगीत? अख्ख्या गाण्यात 'प्रेम' हा शब्द एकदाही येत नाही. येते ती 'गरज', तीही 'आत्ता'. मला असे फोन आलेत. उशीखाली थरथरणारा मोबाइल, पलीकडे जड झालेली जीभ, "फक्त तुझा आवाज ऐकायचा होता." सकाळी त्याला काही आठवायचं नाही आणि मी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात. घाव भरत आला की खपली काढायची, याला मी प्रेम म्हणणार नाही.

जुनी तार:
ओढ राहते म्हणून संसार होतोच असं नाही. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायक जोडप्याचा घटस्फोट १९७५ चा. १९७६ साली दोघांनी मिळून गायलेलं 'गोल्डन रिंग' कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. गोष्ट लग्नाच्या अंगठीची. शिकागोतल्या गहाणवटीच्या दुकानात ती विकत घेतली जाते आणि लग्न मोडल्यावर पुन्हा तिथेच येऊन पडते. काडीमोड झालेली माणसं हे गातात आणि आवाज असे मिसळतात की अंगावर काटा येतो. घरात जमलं नाही, सुरात जमत राहिलं. ते खोटं कसं म्हणू?

सुपारी:
जोन्स-वायनेट दोघं राजीखुशीने माइकसमोर उभे राहिले. सव्वाचा फोन समोरच्याला विचारून येत नाही.

रातकिडा:
पण इथे झोपमोड कोणाचीच होत नाहीये. तीही जागी, तोही जागा. ध्रुवपद दोघांच्या तोंडी आहे, फक्त तो आपण थोडे प्यायलोय हेही कबूल करतो. म्हणून तर ते युगुलगीत आहे.

सुपारी:
जागे आहेत हे तुला-मला कळतं, त्यांना कुठे ठाऊक आहे? मी त्याच्या मनात कधी येते का, हेच तर ती विचारतेय. गाणं संपेपर्यंत पलीकडून कोणी 'हॅलो' म्हणत नाही. पुन्हा ऐकून बघ.

रातकिडा:
ऐकलं, आत्ताच, हेडफोन लावून. 'हॅलो' नाही हे मान्य. शेवटी दोघं एकत्र गातात तेव्हा मला वाटायचं की फोन लागला. तसं नाहीये, दोघं आपापल्या खोलीतच आहेत. तुला झालेला त्रासही मी खोडून काढत नाही. पण नको नको म्हणत तिचा हात फोनकडे जातो, त्या जागेला मी प्रेमच म्हणणार. फोन लागो न लागो.