जुना 'द इटालियन जॉब' पहिल्यांदाच पाहिला आणि... माझंच काही चुकतंय का?

मुक्काम_कर्वेनगर
लोकहो, आधीच सांगते, भांडायला आलेली नाहीये. लहानपणापासून मामाच्या तोंडून या पिक्चरचं कौतुक ऐकत आलेय, 2003 चा नवीन नाही हां, 1969 चा, मायकेल केनचा. मामा कॉलेजात असताना पुण्याच्या कॅम्पात री-रनला रात्रीचा शो बघून आला होता आणि तेव्हापासून टीव्हीवर कुठलाही चोरीचा पिक्चर लागला की "ह्यॅ, हे काय, तो बघ" सुरू. शनिवारी तो राहायला आला तर म्हटलं आज लावतेच, भेळ केली, दिवे घालवले, सगळा थाट.

आणि हसूच आलं नाही हो. सुरुवात भारी आहे, ती नारिंगी लॅम्बोर्गिनी आल्प्सच्या घाटातून गाणंबिणं लावून निवांत चाललीये, बोगद्यात शिरते नि धडाम. पण पुढे तासभर सोनं चोरायची नुसती तयारीच चाललीये. टोळीत इतकी माणसं की एकाचंही नाव लक्षात राहिलं नाही. बेनी हिलच्या प्रोफेसरला जाड बायका आवडतात, एवढा एकच विनोद आणि तोच परत परत. त्या छोट्या मिनी कूपर गाड्या येईपर्यंत मामा स्वतःच घोरायला लागला!! त्याला हलवून उठवलं. पाठलाग मस्त आहे, त्याला नाही म्हणत नाही. पण शेवट? बस कड्यावर अर्धी लटकलेली, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला सोनं, केन म्हणतो थांबा रे मला एक आयडिया सुचलीये, आणि पाट्या सुरू. मी रिमोट घेऊन बघतेय की पुढे काही राहिलंय का. मामा तर एकदम गप्पच झाला, दूध पिऊन झोपायला गेला.

ज्यांना आवडतो त्यांनी प्लीज सांगा, नक्की काय बघायचं असतं यात?

तिसरी_घंटा
पहिला तास रटाळ आहे हे मान्य, बेनी हिलचं तर बोलायलाच नको. पण तू चोरीचा पिक्चर म्हणून बघायला बसलीस तिथे घोळ झाला. चोरी कशी करायची यात त्यांना फारसा रसच नाहीये, सगळी मजा इंग्रजांनी स्वतःच्या मिजाशीची केलेली आहे. चोरीला पैसा पुरवणारा डॉन, नोएल कॉवर्डचा ब्रिजर आठव, माणूस कैदी आहे पण अख्खा तुरुंग त्याच्या तालावर, कोठडीत राणीचे फोटो, आणि चोरी कशासाठी तर देशासाठी म्हणे! मिनी तीन, लाल पांढरी निळी, म्हणजे चक्क त्यांचा झेंडा. 1966 ला फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकलेला, ती गुर्मी अजून उतरलेली नाही, म्हणून टोळी जाते ती फुटबॉलची मॅच बघायला आलेले प्रेक्षक बनून आणि थेट फियाटच्या गावात, इटलीतल्या ट्युरिनला. आणि एवढं करून शेवटी काय, तर बस कड्यावर. मला तरी तो शेवट फार नेमका वाटतो.

अजून एक, त्या गाड्या गच्चीवर पळतात ना, ती फियाटच्या कारखान्याची खरीखुरी गच्ची आहे, गाड्यांची चाचणी घ्यायचा ट्रॅकच वर बांधलेला होता. रेमी ज्युलियन नावाचा फ्रेंच स्टंटवाला आणि त्याची माणसं खऱ्या गाड्या उडवतायत. मोबाइलवर तो भाग बघू नकोस फक्त.

रिक्षा_मीटरने_येणार_नाही
ट्रॅफिक जाम करायला कंट्रोल रूममध्ये घुसून कॉम्प्युटरची टेप बदलतात हे बघूनच मी उठलो. आमच्या नळस्टॉपला संध्याकाळी साडेसहाला पीएमपीची एक बस बंद पाडा, कर्वे रोड डेक्कनपर्यंत फुकटात जाम.

लक्ष्मीरोडवाला
मी सराफी लाइनीत आहे त्यामुळे मला हा पिक्चर वेगळ्याच कारणासाठी बघवत नाही. सोनं किती, तर 40 लाख डॉलरचं. तेव्हा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलर होता आणि औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, करा हिशोब, साडेतीन टनाच्या वर जातं. आपल्या 10 ग्रॅमच्या तोळ्यात साडेतीन लाख तोळे! ते तीन मिनींत घातलं तर एका गाडीत जवळपास बाराशे किलो, आणि मिनी स्वतः साडेसहाशे किलोच्या आसपास. जागा पुरेल, सोनं जागा कमी खातं, पण अशी गाडी पायऱ्यांवरून उड्या मारत नाही हो, जागेवरच बसते. दुकानात नवीन पोरगा आला की आम्ही त्याच्या हातात किलोचं बिस्कीट देतो, मोबाइलपेक्षा लहान दिसतं म्हणून तो एका हाताने सहज घ्यायला जातो आणि मनगट खाली जातं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. या पिक्चरमध्ये सोनं उचलताना कुणाचंच मनगट खाली जात नाही.

तिसरी_घंटा
@लक्ष्मीरोडवाला तुमच्यासारखे तिकडेही आहेत, काळजी नसावी. पिक्चरला 40 वर्षं होत आली तेव्हा ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने स्पर्धाच ठेवली होती, की त्या बसमधून सोन्यासकट बाहेर कसं पडायचं ते सांगा. आणि केनला विचारलं तर त्याची आयडिया अशी की इंजिन चालू ठेवून पेट्रोल संपेपर्यंत बसून राहायचं, टाकी मागे असल्यामुळे मागचं वजन घटतं, माणसं सुटतात आणि सोनं जातं खाली.

मुक्काम_कर्वेनगर
बरं, झेंड्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाठलाग आज परत बघितला, पोलिसांची गाडी मागे मागे येते ते आज जास्त आवडलं. बाकी मत अजून तेच आहे, सॉरी.

पण खरी गंमत वेगळीच निघाली. सकाळी चहाला मामाला म्हटलं, एवढी वर्षं सांगत होतास, तो बसचा शेवट कधी बोलला नाहीस ते. तर आधी पेपर वाचल्याचं नाटक केलं आणि मग म्हणाला, तेव्हा पीएमटीची शेवटची बस पकडायची होती म्हणून त्या मिनी गाड्या पिक्चरमधल्या बसमध्ये चढल्या नि मी उठलो, मला आजवर वाटत होतं सोनं घेऊन गेले म्हणून.