केसिंग म्हणजे नुसता डबा? मग हे वाचाच

गिरगावचा_भाचा
परवा इथेच एकाने ठोकून दिलं: "हार्ड डिस्कचं केसिंग म्हणजे नुसता डबा. फुटपाथवरचं साडेतीनशेचं घ्या, ब्रँडेडमध्ये फक्त नावाचे पैसे." खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग! तिथे भांडलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

बाहेरून यूएसबीने जोडायच्या डिस्कच्या त्या डब्यात एक बोटभर बोर्ड असतो आणि त्यावर ब्रिज चिप, म्हणजे डिस्कची साटा भाषा यूएसबीत बदलणारा दुभाषा. डिस्कवरचा प्रत्येक बाइट तिच्यातून जातो. ती जेमायक्रॉनची जेएमएस५७८ आहे, एएसमीडियाची ११५३ई आहे, की वरची अक्षरं घासून टाकलेलं काहीतरी, खरा प्रश्न एवढाच. बरी चिप यूएएसपी (यूएसबीवरून डेटा पळवायची जलद पद्धत) देते, स्मार्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेला तब्येतीचा अहवाल) वाचू देते, फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) नीट असेल तर एसएसडीचा ट्रिमही (पुसलेली जागा मोकळी झाल्याचा निरोप) पोचवते. भिकार चिप कॉपी चालू असताना डिस्क गायब करते आणि शिव्या खाते डिस्क.

मेव्हण्याची डिस्क 'गेली' म्हणून रिकव्हरीवाल्याकडे निघाली होती. मी केसिंग उघडलं. यूएसबी केबलचं मायक्रो-बी सॉकेट एका बाजूने बोर्डापासून उचललेलं, केबल अंगठ्याने दाबली की दिवा लागायचा, सोडली की टक् टक् करून बंद. तीच डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये टाकली, भाच्याच्या मुंजीचे फोटो जागच्या जागी. स्मार्ट दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत सी५ (डिस्कवरचे संशयित खराब सेक्टर) शून्य, सी७ (डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका) मात्र चढलेला. समझनेवाले समजले असतील.

लोकलचा_डबा
तो साडेतीनशेवाला मीच. बोला.

२.५ इंची फिरती डिस्क सेकंदाला शे-सव्वाशे एमबी देते. तिला यूएसबी ३.० चे ५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) पुरून उरतात. मग टाइप-सी १० जीबीपीएसचं केसिंग घेऊन तिला काय ओवाळायचंय का? माझं लॅमिंग्टन रोडचं (मुंबईचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट) बिननावाचं केसिंग कित्येक पावसाळे काढून बसलंय. तुमच्या मेव्हण्याने केबल ओढून सॉकेट उचकटलं, यात साडेतीनशेचा काय दोष?

बिलाशिवाय_नाही
लॅमिंग्टन रोडचं नाव काढलंत, आता ऐका. बिल मागितलं की पहिला प्रश्न, "कंपनीच्या नावाने पायजे का?" नाही म्हटलं की "मग अठरा टक्के जीएसटी वर लागतील." आणि वॉरंटी? 'टेस्टिंग वॉरंटी'. म्हणजे दुकानाची पायरी उतरेपर्यंत. घरी येऊन लावलं, डिस्क दिसेना. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून परत गेलो तर शेठ म्हणतो, "हा माल आमचा नाहीच." बिल नाही, काय कप्पाळ दाखवणार?

ग्रँटरोड_पूर्व
बिल न घेता आलात आणि मार्केटला नावं? आमच्या भडकमकर मार्गावर (लॅमिंग्टन रोडचंच आताचं नाव) पक्कं बिल देणारी दुकानं ढिगाने आहेत. पण तुम्हाला अठराही वाचवायचे आणि वॉरंटीही हवी! ऑनलाइनवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? फोटोत एक चिप, खोक्यात दुसरी. इथे निदान काउंटरवर केसिंग उघडा, डिस्क लावा, लॅपटॉपवर बघा आणि मग पैसे द्या, असं होतं.

बिलाशिवाय_नाही
होतं, ओळख असेल तर! नवख्याला "खोललं तर घ्यावं लागेल" असं तोंडावर सांगतात. रविवारी बहुतेक मार्केट बंद. विरारहून नोकरी करणाऱ्याने कधी यायचं हो? रजा टाकून?

ग्रँटरोड_पूर्व
दुकानदाराने रविवारी बायकापोरांचं तोंडही बघायचं नाही का? विरारला दुकानं नाहीत?

सानपाडा_रेवती
मधेच विचारते, माफ करा. ४ टीबीची ३.५ इंची डिस्क जुन्या केसिंगमधून काढून नव्यात टाकली. विंडोज म्हणतंय, वापरण्याआधी फॉरमॅट करा. करू का?

उसनवार_अडॅप्टर
३.५ इंचीवरून आठवलं. केसिंगला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. आमच्या पुतण्याने तो सापडेना म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा खुपसला. पिन बसली हो, हाच तर घोळ! जळका वास घरभर. आधी अडॅप्टरला नावाची चिठ्ठी लावा, चिपचं पुराण मग सांगा.

कलिनेकर
तुमचं सगळंच चुलीत घाला. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आम्ही तळमजल्यावर. सीपीयू आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली, दोन्ही चिखलात. सांगा बरं, कुठल्या चिपने वाचवलं असतं? आता एक कॉपी घरात, दुसरी भावाकडे नाशिकला. दोन्ही स्वस्तातल्या केसिंगमध्ये.

गिरगावचा_भाचा
काका, मी पुरात पोहणारं केसिंग विचारलं नव्हतं. नाशिकला पाठवलेली कॉपी अर्ध्यात तुटलेली निघाली तर तुमची ती 'दुसरी कॉपी' गोदावरीत सोडायची का?

आणि लोकलसाहेब, फिरत्या २.५ इंचीला १० जीबीपीएस नको, हे मान्य. ढोल-ताशे सांगू? पण मी वेगाबद्दल बोललोच नव्हतो, मधेच तुटण्याबद्दल बोलत होतो. तुमच्या त्या अमर केसिंगवर स्मार्ट दिसतं का, एवढं सांगा.

लोकलचा_डबा
बघितलं. नाही दिसत. म्हणून काय माझी डिस्क आज मरणार? शाप देताय का?

गिरगावचा_भाचा
मरताना कळणार नाही, एवढंच.

बिलाशिवाय_नाही
आणि बिलही नसणार!

लोकलचा_डबा
तुम्ही गप्प बसा हो. इथे एका बाईंचं विचारणं कधीचं लटकलंय आणि तुम्ही अठरा टक्के धरून बसलात.

रेवतीताई, फॉरमॅट अजिबात करू नका. २ टीबीच्या वरच्या डिस्कसाठी काही जुनी केसिंग ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) दाखवायची, नवं ५१२ चे दाखवत असेल. त्यामुळे पार्टिशन टेबलच (डिस्कवरचे भाग कुठे सुरू होतात त्याची यादी) जुळत नाही. डेटा बहुधा शाबूत आहे. डिस्क जुन्यात परत घाला, सगळं दुसरीकडे कॉपी करा, मगच नव्यात फॉरमॅट.

सानपाडा_रेवती
जुनं रद्दीवाल्याला दिलं, कालच.

गिरगावचा_भाचा
मग लिनक्सवाला कुणी गाठा. लूप डिव्हाइसला (लिनक्समधली नकली डिस्क) सेक्टर साइझ ४०९६ देऊन रीड-ओन्ली माउंट करून, म्हणजे काहीही न लिहिता नुसतं उघडून, बघेल. एक मात्र आहे, काही कंपन्यांच्या तयार डिस्कांत त्यांचा बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करतो (कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवतो), पासवर्ड टाकलेला नसला तरी. तसलं असेल तर तोच बोर्ड लागेल. जुनं केसिंग सुटं घेतलेलं की डिस्कसोबत आलेलं?

(लोकलसाहेबांनी बरोबर सांगितलंय. नाइलाजाने लिहितोय.)

सानपाडा_रेवती
सुटं घेतलेलं. लॅमिंग्टन रोडवरून.

लोकलचा_डबा
मग एन्क्रिप्शनची शक्यता कमी. तरी रद्दीवाला आज येणार असेल तर जिन्यातच गाठा, पन्नास रुपये जास्त मागेल, द्या.