सिद्धेश्वर स्वामीजींची समाधी नाहीच
कर्नाटकातल्या विजयपूरला (विजापूर) ज्ञानयोगाश्रमाच्या सिद्धेश्वर स्वामीजींच्या समाधीवर नेमकं कुठं डोकं टेकायचं, असं एका निपाणीकरांनी विचारलंय. समाधी नाहीच. गैरसमज साहजिक आहे, कारण आपल्या बेळगाव-चिकोडी पट्ट्यात लिंगायत स्वामींचा देह बसत्या स्थितीत पुरतात, खड्ड्यात विभूती आणि बेलपत्री घालतात, वर गद्दुगे (समाधीचा चौथरा) बांधतात आणि मग तिथं वर्षाची जत्रा सुरू होते. इथं तसं काही झालं नाही. 2014 च्या गुरुपौर्णिमेलाच स्वामीजींनी कानडीत लिहून ठेवलं होतं : देह पुरू नका, अग्नी द्या, श्राद्धविधी नकोत, राख नदीत किंवा समुद्रात सोडा, स्मारक बांधू नका. 2 जानेवारी 2023 ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानयोगाश्रमाच्या आवारातच दहन झालं. सदऱ्याला खिसा न ठेवणाऱ्या, पद्मश्री नम्रपणे नाकारणाऱ्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित होतं म्हणा!

तेव्हा गाडी करून जाणारच असाल तर हार-नारळाची पिशवी घरीच ठेवा. फोटोची मोठी फ्रेम देणगी म्हणून न्यायचा बेतही सोडा, तोही स्मारकाचाच धाकटा भाऊ. त्यापेक्षा, कोल्हापुरात शिकलेले असल्यानं ते मराठीतूनही प्रवचन करत, त्या प्रवचनांची ध्वनिफीत लावून तासभर ऐका.